हरकत असेल तर सांगा

मीटिंगला दहा माणसं येणार असली की सायमनकाका अकरा खुर्च्या मांडायचे. मी नोकरीत नवीन होते तेव्हा मला वाटलं, म्हातारा मोजायला चुकला. मी जादाची खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली. काका उठले, खुर्ची परत आणून टेबलाला लावली, तिच्यासमोर अजेंड्याचा कागद ठेवला आणि पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवला.

"अजून कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोणी नाय," काका म्हणाले. "जो येणार नाय, त्याची ही खुर्ची."

मला ते फार गोड वाटलं. मीटिंग सुरू झाली आणि मग कळलं की हा गोडवा नाही, हा उपद्रव आहे. एखादा ठराव मांडला, सगळ्यांनी माना डोलावल्या, घड्याळाकडे बघून झालं, की काका त्या रिकाम्या खुर्चीकडे वळायचे आणि म्हणायचे, "यांची काही हरकत?" मग तिची बाजू तेच मांडायचे. "हे म्हणतील, झाडांवर दिवे लावताय ते ठीक आहे. पण तो उजेड माझ्या बेडरूममध्ये येतो, त्याचं काय? मी झोपायचं कधी?" एवढं बोलून ते आपल्या जागेवरून त्याला उत्तर देत, मग पुन्हा खुर्चीच्या वतीनं ते उत्तर खोडून काढत. अर्ध्या तासाची मीटिंग काकांच्या काकांशी चाललेल्या या भांडणात दीड तास चालायची. आमचा खजिनदार गुरमीत दर वेळी कपाळाला हात लावायचा आणि माझ्या कानात म्हणायचा, "मीनलजी, जो नहीं आया वो भी इतना नहीं बोलता."

हे सगळं चालायचं व्हँकुव्हरमधल्या एका साध्याशा रस्त्यावर, गुरमीतच्या ग्रोसरीच्या वरच्या खोलीत. मी नागपूरची. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी इथे आले आणि या खोलीत कोऑर्डिनेटर म्हणून चिकटले. आमच्या संस्थेला बीआयए म्हणतात, बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया. रस्त्यावरच्या दुकानांच्या इमारती ज्यांच्या मालकीच्या आहेत, त्यांनी आपल्या घरपट्टीबरोबर थोडी जादा पट्टी भरायची. शहर ती गोळा करून आम्हाला देतं आणि आम्ही त्यातून रस्ता झाडून घेतो, भिंतींवरची रंगरंगोटी पुसून घेतो, फुलांच्या कुंड्या टांगतो, हिवाळ्यात झाडांवर दिवे लावतो. ही व्यवस्था कायमची नसते. ठरलेली मुदत संपली की तिचं रिन्यूअल करून घ्यावं लागतं. सायमनकाका आमचे अध्यक्ष होते. त्यांच्याआधी कोणी अध्यक्ष होतं का, हे कोणालाच आठवत नव्हतं.

काका मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. "आम्ही शनिवार तेली गो बाय," असं ते पहिल्याच भेटीत सांगून टाकायचे. पूर्वी त्यांच्या लोकांचा कोकणात तेलाच्या घाण्याचा धंदा होता आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं ठेवलेलं हे नाव. "तेल गेलं, पण दिवा सोडला नाय," असं म्हणून ते आपल्या दुकानाकडे बोट दाखवायचे. काकांचं दुकान दिव्यांचं होतं. टेबलावरचे, भिंतीवरचे, छताला टांगायचे, कोणाच्या तरी आजीचे पितळी, असे जुने दिवे लोक आणून टाकायचे आणि काका ते दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला दिवा त्याच दिवशी देणं त्यांना मान्य नव्हतं. तो रात्रभर शोकेसमध्ये जळला पाहिजे, सकाळपर्यंत टिकला तरच गिऱ्हाइकाच्या हातात. त्यामुळे आमच्या रस्त्यावर रात्री सगळी दुकानं अंधारात आणि काकांची शोकेस लग्नघरासारखी लखलखीत.

आणि शनिवारी दुकान बंद. शनिवार हा आमच्या रस्त्याचा सगळ्यात धंद्याचा दिवस. त्या दिवशी गिऱ्हाईक वाढावं म्हणून आम्ही जाहिराती करायचो, बँड आणायचो, मुलांचे चेहरे रंगवायचो. आणि हे सगळं ज्यांच्या सहीनं व्हायचं, त्या अध्यक्षांच्या दाराला कुलूप. काका त्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून, खिशात हात घालून रस्त्यानं फिरत आणि सगळ्यांना "धंदा कसा आहे?" असं विचारत. दुकानदारांना याचं हसूही यायचं आणि थोडा रागही यायचा.

एका वर्षी दिवे लावण्याचा समारंभ नेमका शनिवारी आला. मोठं बटण काकांनी दाबायचं, हे मीच ठरवून टाकलं होतं. डिसेंबरचे दिवस, अंधार लवकर पडतो, रस्त्यावर ही गर्दी, आणि काका बटणासमोर हात मागे बांधून उभे.

"काका, दाबा ना," मी म्हटलं.

"शब्बाथ उतरला नाय अजून, आमचा सुट्टीचा वार. आभाळात तीन चांदण्या दिसल्या की तो उतरतो, मग दाबतो."

मी वर बघितलं. व्हँकुव्हरचं डिसेंबरचं आभाळ, भिजलेली गोधडी टांगल्यासारखं. पाऊस बारीक पडत होता. तीन काय, अर्धी चांदणी दिसण्याची सोय नव्हती. लिलीकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, गर्दीतून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मोबाईलवर वेळ असते शब्बाथची. ती बघून दाबा की."

"बघितलीय. ती व्हायचीय अजून," काका म्हणाले आणि हलले नाहीत.

तेवढ्यात समोरच्या इमारतीची वरची खिडकी उघडली आणि मिसेस पेट्राकिसनी डोकं बाहेर काढलं. "सायमन! व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

"थ्री स्टार्स!" काका खालून ओरडले.

"धिस इज व्हँकुव्हर! देअर आर नो स्टार्स!" असं म्हणून तिनं खिडकी धाडकन लावून घेतली.

थांबायचं म्हटल्यावर लोक काय करणार? पाऊस चुकवायला दुकानांत शिरले. हॉट चॉकलेट संपलं, पुन्हा केलं, पुन्हा संपलं. गुरमीतचे समोसे दोनदा तळावे लागले. शेवटी मोबाईलनं परवानगी दिली आणि काकांनी बटण दाबलं. पुढच्या वर्षी समारंभ कोणत्या वारी घ्यायचा हा विषय निघाला तेव्हा सगळे दुकानदार एकमुखानं म्हणाले, शनिवारी. आणि अंकलना बोलवा, आणि घाई करू नका.

आता या मिसेस पेट्राकिसबद्दल सांगायला हवं. काकांच्या दुकानासमोर एकमेकींना लागून तीन इमारती होत्या, तिन्ही तिच्या. खाली तिच्या नवऱ्याची दुकानं होती, ती तो गेल्यावर बंद झाली, आणि बाईनं ती पुन्हा कोणाला भाड्यानं दिली नाहीत. वरचा मजला तिन्ही इमारतींना मिळून एकच, तिथे ती एकटी राहायची. खिडक्यांना जाड पडदे, खाली काचांना आतून कागद चिकटवलेले. रस्त्याच्या ऐन मधला तेवढा भाग पुढचे दात पडलेल्या तोंडासारखा दिसायचा. बाईला बीआयए मुळीच मान्य नव्हती, आणि मीटिंगला ती कधीच आली नाही. काकांशी मात्र तिचं रोजचं बोलणं होतं, खिडकीतून, आणि ते एकाच विषयावर. काकांच्या शोकेसचा उजेड रात्रभर तिच्या पडद्यांच्या फटीतून आत येतो आणि तिला झोप लागत नाही. काका खालून सांगायचे, "मॅडम, एकच रात्र. उद्या गिऱ्हाईक घेऊन जाईल." ते खरंही होतं. उद्या दुसरा दिवा यायचा.

मीटिंगमधली ती रिकामी खुर्ची कोणाच्या वाक्यांत बोलते, हे माझ्या लक्षात यायला मला बराच काळ लागला.

तर मुदत संपत आली. नवीन वर्ष लागलं आणि शहराकडून सगळ्या मालकांना नोटिसा निघाल्या. यातला नियम मोठा मजेशीर आहे. ज्याला रिन्यूअल हवं आहे त्यानं काहीच करायचं नसतं. ज्याची हरकत आहे त्यानंच काय ते लिहून कळवायचं. जो गप्प बसला तो हो म्हणाला, असं धरतात. एक तृतीयांश मालकांच्या लेखी हरकती आल्या की रिन्यूअल बारगळलं, बीआयए बंद. म्हणजे झाडांवरचे दिवे उतरणार, झाडूवाले जाणार, आणि माझ्या नोकरीचं काय होणार हे वेगळं सांगायला नकोच.

मी हा नियम वाचला आणि खूश झाले. माणसं पाकिटं उघडत नाहीत, याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. "आपण गप्प बसायचं," मी बोर्डाला सांगितलं. "पोस्टर नाही, ईमेल नाही, काही नाही. मुदत संपेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा."

सगळ्यांना पटलं. काका रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"न विचारता घेतलेला होकार हा होकार असतो का गो?" त्यांनी मला विचारलं.

"कायद्यानं असतो."

"कायद्यानं असेल," असं म्हणून काका उठले. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्यांच्यासाठी हे रिन्यूअल शेवटचं होतं. गुडघे गेले होते, डोळे चालले होते, आणि बारीक वायर आता त्यांना चष्म्यावर चष्मा लावूनही दिसत नव्हती. टोरांटोतल्या नॉर्थ यॉर्कला त्यांची मुलगी रेचल राहायची, ती कधीपासून बोलावत होती. तिच्या कॉन्डोत लिफ्ट होती, जवळ आपली माणसं होती. इमारतीचा सौदा झाला होता आणि हिवाळा सरता सरता ताबा द्यायचा होता. लिलीकाकूंनी अर्धी भांडी खोक्यांत भरूनही ठेवली होती. "आम्ही आलो तेव्हा इथे एक दिवा नव्हता," काका मला म्हणाले. "हिवाळ्यात चारला काळोख. लिली दुकानाला कुलूप लावायला एकटी बाहेर पडायला घाबरायची. मला हे दिवे लागलेले असताना जायचंय. तेवढं झालं की मलिदा घालीन, असा नवस बोललोय मी आमच्या एलियाहू नबीला." एरवी सगळ्यांची फिरकी घेणारा हा माणूस त्या वेळी माझ्याकडे बघत नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि वाटलं, हे काम कसंही करून झालंच पाहिजे.

ते नक्की झालं असतं. काका मधे पडले नसते तर.

दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार निघाले. काकांच्या मते हे बोलावणं होतं. त्यांच्या गावाकडे लग्नाची पत्रिका नुसती पोस्टानं आली तर तो अपमान समजतात, घरातलं माणूस स्वतः उंबऱ्यापर्यंत आलं पाहिजे. मग एवढ्या मोठ्या कामाची नोटीस शहरानं पोस्टात टाकून दिली, हे त्यांना कसं पटावं? डोक्यावर टोपी, अंगात रेनकोट, हातात लिलीकाकूंच्या करंज्यांचा डबा. एकेका मालकाकडे जायचे, करंजी द्यायचे, चौकशी करायचे आणि मग म्हणायचे, "तुम्हाला नोटीस आली असेल. वाचलीत का? वाचा. हरकत असेल तर सांगा." समोरचा म्हणाला की हरकत आहे खरी थोडीशी, तर काका त्याला ती कुठे लिहून पाठवायची, सही कुठे करायची, मुदत कधी संपते, हे सगळं नीट समजावून सांगायचे. विरोध कसा करायचा याची शिकवणी विरोधकांच्या घरी जाऊन, वर खाऊ देऊन घेणारा अध्यक्ष मी दुसरा पाहिलेला नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांनी पाकीट रद्दीत टाकलं होतं त्यांनी ते शोधून काढलं. वाचलं तर त्यात पट्टी वाढणार असं लिहिलेलं. ज्यांना बीआयए म्हणजे काय हेच माहीत नव्हतं त्यांना आपण इतकी वर्षं पैसे भरतो आहोत हा साक्षात्कार झाला. पटापट हरकती जायला लागल्या, आणि लोक इतके सज्जन की मला फोन करून तसं कळवायचेसुद्धा. "वुई सेंट अवर ऑब्जेक्शन. थँक सायमन फॉर द स्वीट्स."

गुरमीत हात जोडून म्हणाला, "अंकलजी, लोग आराम से सो रहे थे. आप घर-घर जाकर उठा आए."

"आणि नाश्ता देऊन," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "काका, तुम्हाला रिन्यूअल हवंय की नकोय?"

"हवंय ना. म्हणून तर विचारतोय."

या माणसाशी भांडता येत नसे, कारण भांडणाची दुसरी बाजूही तेच मांडायला बसायचे. चार दिवसांनी ते त्याच मालकांकडे पुन्हा निघाले, या वेळी हरकती ऐकायला. रस्त्याच्या पार टोकाला एका डेंटिस्टची इमारत होती. ती बाई म्हणाली, माझ्या टोकाला तुमचा एकही दिवा नाही आणि झाडूवालाही माझ्या आधीच वळतो, मग मी पैसे कशाचे देऊ? काका परत आले आणि म्हणाले, "बरोबर बोलते ती. मी जाऊन बघितलं." तातडीची मीटिंग झाली. पुढच्या वर्षी फुलांच्या कुंड्या कमी करून दिवे टोकापर्यंत न्यायचे, असं ठरलं. ठरेपर्यंत भांडणं झाली, पण ठरलं. डेंटिस्टबाईनं हरकत मागे घेतली, तिच्या शेजाऱ्यानंही घेतली. तरी गुरमीतच्या हिशेबानं आम्ही अगदी काठावर होतो. तो म्हणायचा, "बस, दो-तीन और आ गए तो खेल खतम."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी काका जिना चढून माझ्या खोलीत आले. गुडघ्यांमुळे ते कधी वर यायचे नाहीत, म्हणून मी घाबरूनच उठले. त्यांच्या हातात पाकीट होतं.

"मीनल, गाडी काढ. सिटी हॉलला जायचंय."

"कशाला?"

"मिसेस पेट्राकिसची हरकत पोचवायचीय. तिचा खुबा मोडलाय, वॉकर घेऊन चालते, जिना उतरता येत नाय. आणि पोस्टानं आता पोचायची नाय."

मी खुर्चीत बसून घेतलं. "काका, तिच्या तीन इमारती आहेत. म्हणजे तीन हरकती."

"ठाऊक आहे."

"गुरमीत काय म्हणाला ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

खाली लिलीकाकू दुकानाच्या दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बघ गो बाय. नवस यांचा, आणि त्याच्या आड यायला गाडी करून निघालेत तेही हेच." पण बोलता बोलता त्यांनी काकांच्या रेनकोटची वरची गुंडी लावून दिली.

आम्ही निघालो. पाऊस मुसळधार, वायपर जोरात चाललेले. मी म्हटलं, "काका, लांबच्या रस्त्यानं नेऊ का? पुलावर ट्रॅफिक असतं या वेळी."

"ने की. वेळ धरूनच निघालोय मी."

"तिला सांगायचं होतं, पोस्टात टाका म्हणून. पोचली तर पोचली. आपला काय दोष?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीनल, इतकी वर्षं मी तिला त्या खुर्चीत बसवून तिच्या तोंडचं बोलतोय. बाई आज पहिल्यांदा स्वतः काहीतरी बोललीय, ते तरी पोचू दे. मी अडवलं तर मग त्या खुर्चीचं नाटक कशाला केलं?" आणि मग हळूच, "मलाही दिवे हवेत गो." मी गाडी जवळच्या रस्त्याला घातली.

सिटी हॉलच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं पाकीट उघडून पाहिलं, शिक्का मारला आणि म्हणाली, "ओके, वन ऑब्जेक्शन, गॉट इट."

"नो, नो, माय डिअर," काका म्हणाले. "थ्री प्रॉपर्टीज. तीन मोज."

मी काउंटरवर डोकं टेकवायचीच बाकी होते. काकांनी तिला तिन्ही पत्ते तपासायला लावले, तीन वेगळ्या नोंदी करून घेतल्या आणि पोच मागून घेतली. ती पोच त्यांनी परत जाताना मिसेस पेट्राकिसला नेऊन दिली, जिना चढून. वर काय बोलणं झालं ते काकांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "झोप लागत नाय म्हणाली."

कौन्सिलच्या सभेत निकाल वाचला गेला तेव्हा आम्ही मागच्या बाकांवर बसलो होतो. हरकती होत्या, भरपूर होत्या, पण एक तृतीयांशाच्या किंचित खाली. गुरमीतचा हिशेब एका-दोन हरकतींनी चुकला होता. रिन्यूअल मंजूर. गुरमीतनं मला आणि शेजारच्या एका अनोळखी माणसालाही मिठी मारली. मी काकांकडे बघितलं तर ते विचारात पडलेले. "एवढ्या जणांची हरकत आहे गो," ते म्हणाले. "नव्या बोर्डाला सांग, बघितलं पाहिजे." मी म्हटलं, "काका, आज हसा. उद्या बघू." मग ते हसले, आणि रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पुढच्याच आठवड्यात मलिदा झाला. खोक्यांच्या गराड्यात, अर्ध्या रिकाम्या दुकानात. भिजवलेल्या पोह्यांत साखर, वेलची, बदाम, गुरमीतच्या फ्रीझरमधलं खवलेलं खोबरं, आणि ताटाभोवती फळं मांडलेली. आमच्याकडे पोह्यांवर तर्री ओततात. पोह्यांना साखर लावलेली बघून माझा जीव कळवळला, पण खाल्ल्यावर मी दुसऱ्यांदा मागून घेतला. प्रार्थनेला त्यांच्यातली पुरेशी माणसं या शहरात गोळा होईनात, म्हणून नॉर्थ यॉर्कहून जावयानं आणि त्याच्या मित्रांनी फोनच्या स्पीकरवर एलियाहू नबीची गाणी म्हटली. सगळा रस्ता दाटीवाटीनं उभा होता. काकांनी एक खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर कोणाला बसू देत नव्हते.

पहिली थाळी भरून ते स्वतः रस्ता ओलांडून गेले. बरोबर मी होते, जिन्यावर त्यांचा हात धरायला. मिसेस पेट्राकिसनं दार उघडलं, वॉकरला धरून.

"आय वॉज अगेन्स्ट इट," ती म्हणाली.

"आय नो. आय डिलिव्हर्ड इट," काका म्हणाले. "म्हणून पहिली थाळी तुमची."

तिनं थाळी घेतली आणि दार लावून घेतलं. थाळी दोन दिवसांनी तिच्या मदतनीस बाईबरोबर परत आली, लख्ख घासलेली, रिकामी. काकांनी ती उलटीपालटी करून बघितली. "थाळी रिकामी परत पाठवत नाय कोणी," ते लिलीकाकूंना म्हणाले. "बाईची हरकत आहे अजून."

ते निघाले त्या दिवशी शनिवार होता. विमान रात्रीचं, आणि शब्बाथ उतरल्यावर टॅक्सीत बसायचं, असं ठरलेलं. मी आणि गुरमीत निरोपाला दुकानासमोर उभे. आत सगळं रिकामं होतं. शोकेसमध्ये एकही दिवा नव्हता, आणि ती काळी काच बघवत नव्हती. झाडांवरचे दिवे मात्र लागले होते. पाऊस बारीक पडत होता. टॅक्सीवाल्यानं सामान भरलं, लिलीकाकू आत बसल्यासुद्धा, आणि काका फुटपाथवर मागे हात बांधून वर बघत उभे.

"अहो, केव्हाच उतरला शब्बाथ," लिलीकाकू आतून ओरडल्या. "मोबाईल सांगतोय."

"मोबाईल सांगेल. आभाळ कुठे सांगतंय?"

त्यांना निघवत नव्हतं, एवढंच खरं होतं. टॅक्सीवाल्यालाही ते कळलं असावं, त्यानं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात समोर, वरच्या मजल्यावर, पहिल्या इमारतीच्या खिडकीचा पडदा सरकला आणि आत दिवा लागला. आम्ही सगळे तिकडे बघायला लागलो. मग बराच वेळ काहीच नाही. वॉकर घेऊन चालायला वेळ लागतो. मग मधल्या इमारतीच्या खिडकीचा पडदा सरकला आणि तिथे दिवा लागला. पुन्हा तसाच वेळ गेला. गुरमीतनं माझा हात धरला होता. शेवटी तिसऱ्या इमारतीच्या खिडकीत उजेड आला, आणि त्या उजेडात वॉकरला धरून उभी असलेली म्हातारी दिसली. तिनं हात हलवला नाही, खिडकीही उघडली नाही. नुसती बघत होती.

काकांनी बोट वर करून मोजलं. "एक. दोन. तीन." टोपी काढली, पावसात तशीच छातीशी धरली.

"काही बोलल्या नाहीत," मी म्हटलं.

"नाय बोलली," काका म्हणाले. "न बोललेला होकार मी कधी धरत नाय. आज धरतो."

आणि ते टॅक्सीत बसले.